आईची पाळी कितव्या वर्षी गेली?

निशिगंधा

गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी साधा प्रश्न विचारला. "आईची पाळी कितव्या वर्षी गेली?" मी म्हटलं, आईची पिशवी काढलेली आहे. "केव्हा? आणि ओव्हरीज ठेवल्या की त्याही काढल्या?" मला काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन आईला फोन केला, तर तिलाही माहीत नाही. "पिशवी काढली एवढंच सांगितलं त्यांनी. सुटले बाई एकदाची."

माझं वय ३८. मागच्या दिवाळीपासून पाळी लांबायला लागली. आधी ४० दिवस, मग दोन महिने, आणि आता पाच महिने पत्ताच नाही. तीनदा घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली. ऑफिसात सगळ्या म्हणाल्या, मार्चएंडचं टेन्शन. मीही तेच धरून चालले होते. पण फेब्रुवारीतल्या पहाटे उशी ओली होऊन जाग यायला लागली. नवरा दोन पांघरुणांत आणि मी पंखा पाचवर लावून बसलेली, तेव्हा म्हटलं हे काही खरं नाही.

एफएसएच, म्हणजे अंडाशयांना कामाला लावणारं हार्मोन (अंडाशय थकली की ते चढतं), ६१ आला. महिन्याभराने परत केला तर ६८. एएमएच, म्हणजे किती बीजं शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी तपासणी, जवळजवळ शून्य. डॉक्टर म्हणाल्या, अंडाशयांचं काम वेळेआधी थांबत आलंय. मला एक मुलगी आहे, सात वर्षांची. दुसरं मूल हवंच होतं असं नाही, पण 'नको' म्हणणं आणि 'आता होणार नाही' हे ऐकणं यात फरक आहे हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

मला विचारायचंय ते असं, की हे कशानं होतं? मी काय चुकीचं केलं? इथे कुणाला चाळिशीच्या आत असा अनुभव आहे का?

मालाडकर

चुकीचं काही केलं नाहीस गं, आधी हे डोक्यातून काढ. माझ्या वहिनीची त्रेचाळिसाव्या वर्षी गेली. सासूबाईंनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, 'सोवळ्या झाल्या' म्हणून. तिला मात्र रात्रभर झोप नाही आणि दिवसभर चिडचिड. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी शोधलंही नाही म्हणा.

पांढरा_कोट

नाशिकला बावीस वर्षं स्त्रीरोग प्रॅक्टिस करते आहे. धाग्यावर कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे जे सर्वसाधारण आहे तेवढंच लिहिते.

आधी हिशेब. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात त्यातली पिकून बाहेर पडतात जेमतेम चारशे-पाचशे, बाकीची आपापली विरून जातात. नवीन एकही तयार होत नाही. शिल्लक हजाराच्या आसपास आली की पाळी जाते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१ व्या वर्षी होतं, आपल्याकडे ४६-४७ लाच. ४५ च्या आत गेली तर लवकर म्हणायचं. आणि ४० च्या आत अंडाशय थकली तर तो निव्वळ 'लवकर'चा मामला राहत नाही, त्याकडे आजार म्हणूनच बघायचं. आम्ही शिकलो तेव्हा हे प्रमाण शंभरात एक असं पुस्तकात होतं. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत ते साडेतीन टक्क्यांपर्यंत धरलंय.

म्हणजे घडतं काय? कुणाची शिदोरी मुळातच लहान असते. कुणाची भराभर संपते. कुणाची बाहेरून नष्ट होते: ऑपरेशन, केमो, ओटीपोटावरचं रेडिएशन. मुळात लहान असण्यामागे गुणसूत्रं असू शकतात. एक्स गुणसूत्र एकच असणं, किंवा काही पेशींत एक आणि काहींत दोन असणं, याला टर्नर म्हणतात. मिश्र प्रकारातल्या मुलींना पाळी येते, काहींना मूलही होतं, आणि तिशीत सगळं थांबतं तेव्हा पहिल्यांदा कळतं. दुसरं म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटणं. निशिगंधा, तुम्हाला थायरॉइड आहे का? थायरॉइडच्या अँटिबॉडीज आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या अँटिबॉडीज बघायला हव्यात. अ‍ॅड्रिनलचं प्रमाण कमी आहे, पण ते सुटलं तर जिवावर बेततं, म्हणून बघायचं.

आणि तुमच्या डॉक्टरांनी आईचं विचारलं ते अगदी बरोबर. पाळी जाण्याचं वय घराण्यात चालतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढं सगळं करूनही बहुतेक जणींना 'कारण सापडलं नाही' असाच कागद हातात मिळतो.

आरोग्य_धनसंपदा

सगळं ब्रॉयलर कोंबडी आणि सिझेरियनमुळे. आमच्या आजीला अकरा मुलं, पन्नाशीपर्यंत पाळी. आताच्या बायका मैदा खातात, रात्री बारापर्यंत मोबाईल. फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशन केलं की पाळी लवकर जातेच, हे खेड्यातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

खवचट

आजीला अकरा मुलं म्हणजे पाळी यायला वेळच कुठे मिळाला असेल!

पांढरा_कोट

@आरोग्य_धनसंपदा, कुटुंब नियोजनात फक्त नळ्या बांधतात. अंडाशय जागच्या जागी काम करत राहतात. त्यानं पाळी लवकर जात नाही. सिझेरियनचाही संबंध नाही.

ज्याचा आहे ते सांगते, तंबाखूचा. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी वर्ष-दोन वर्षं आधी जाते हे चांगलं सिद्ध झालंय. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून निश्चिंत राहायचं कारण नाही. मिश्री लावणाऱ्यांना मी विचारते "तंबाखू?" तर ठामपणे "नाही". "मिश्री?" तर "ती तर दात घासायची, डॉक्टर." दिवसातून चारदा. कुपोषणानं अंगावर मांस नसणं हेही पाळी लवकर जाण्याशी जोडलेलं आहे, आणि ते मैद्यापेक्षा खूप जुनं आहे.

अजून एक. पाळी थांबली म्हणजे संपली असं नाही. वजन झपाट्याने उतरलं, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढलं, पीसीओएस (हार्मोनच्या गडबडीनं बीज वेळेवर न सुटणं) असला तरी पाळी थांबते, पण तेव्हा एफएसएच चढलेला नसतो. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयरोग अजून बराच आहे. त्यात आतलं अस्तर चिकटून पाळी बंद होते आणि अंडाशय मात्र ठणठणीत असतात. म्हणून रक्त तपासल्याशिवाय निदान नको.

वेणी

३३ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर. केमोत सायक्लोफॉस्फामाइड होतं. तिसऱ्या डोसनंतर पाळी थांबली, परत आली नाही. मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं की केमोआधी बीजं गोठवून ठेवता येतात किंवा केमोच्या काळात अंडाशयांना झोपवून ठेवणारं इंजेक्शन देतात. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "आधी जीव वाचवू." बरोबरच आहे. पण दोन्ही बोलता आलं असतं. कुणाच्या घरात तरुण मुलीचं केमो ठरत असेल, तर पहिल्या सलाइनच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

केस आले परत. दाट आले. नाव त्यावरूनच घेतलंय.

मालाडकर

वेणी, ❤️

एक_कोयता

मी बीड जिल्ह्यातला. हा धागा बायकांचा आहे, पण आईबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. नाव आमच्याकडच्या बोलीतलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडीवर. बाई पडून राहिली तर कोयता अर्धा होतो आणि खाडा दोघांच्या हिशेबातून कापतात.

आईचं लग्न चौदाव्या वर्षी. विशीच्या आत आम्ही तिघं, मग ऑपरेशन. दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं ते पाडव्याला परत. पाचटाच्या खोपीत राहायचं, संडास नाही, पाणी कालव्याचं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, पाळी असो नसो. कपडा वाळवायला जागा नाही, बदलायला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जायला लागलं. तालुक्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. तिचं वय तेव्हा २७. 'कॅन्सर' शब्द ऐकल्यावर बापानं मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली. ती फेडायला त्याच हंगामात आई परत फडात होती.

२०१९ ला पेपरात आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगीत पिशवी काढायची नाही असा नियम आला.

पेपरवाल्यांनी लिहिलं, मुकादम बायकांना पिशव्या काढायला लावतात. मुकादमाचं मी वकीलपत्र घेत नाही. पण माझ्या आईला मुकादमानं सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं डॉक्टरनं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा अशी परिस्थिती केली कालव्याच्या पाण्यानं. साध्या इन्फेक्शनला गोळ्या होत्या की.

आई आता पन्नाशीची. अंगातून वाफा निघतात म्हणते. पाठ वाकलीय. मागच्या साली मनगट मोडलं, नुसतं ओट्यावरून उतरताना. हाडाच्या डॉक्टरनं विचारलं, "आजी, वय किती?" त्याला वाटलं सत्तर.

आता मला प्रश्न असा की पिशवी काढली म्हणजे पाळी गेलीच, तर त्याला हाच आजार म्हणायचा का?

पांढरा_कोट

@एक_कोयता, तुमच्या पोस्टला काय उत्तर द्यावं कळत नाही. तांत्रिक भाग तेवढा सांगते.

पिशवी म्हणजे गर्भाशय. रक्त तिथून जातं, पण हार्मोन अंडाशयांत तयार होतात. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवली तर रक्तस्राव थांबतो, हार्मोन चालू राहतात. मात्र अंडाशयांना होणारा रक्तपुरवठा काही अंशी गर्भाशयाच्या धमनीतून येतो. तो तुटल्यामुळे अंडाशयं अनेकींत काही वर्षं आधी थकतात. आणि पाळीच नसल्यामुळे ती थकल्याचं बाईला कळत नाही. वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, आणि सगळे म्हणतात 'पिशवी काढल्यापासून हिची तब्येत अशीच'.

अंडाशयही काढली असतील तर सगळं रातोरात होतं. नैसर्गिक पाळी जाताना हार्मोन पाच-सात वर्षांत हळूहळू उतरतात, इथे दुसऱ्या दिवशी सकाळी ते नसतात. २७ व्या वर्षी असं झालं आणि हार्मोन बदली दिले नाहीत, तर हाडांचा पंचवीस वर्षांचा विमा गेला समजा. हृदयाचाही.

पूर्वी 'आता मुलं झाली, ओव्हरीज कशाला ठेवायच्या, उगीच पुढे गाठ व्हायची' हा विचार आमच्या पिढीतही सर्रास होता. मी स्वतः सुरुवातीच्या काळात सीनियरच्या हाताखाली तशा केसेसना असिस्ट केलंय. ते लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

आईचं डिस्चार्ज कार्ड असेल तर बघा. 'टीएएच' म्हणजे पोटावर छेद घेऊन पिशवी काढली. त्यापुढे 'बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयं नळ्यांसकट काढली. या तीन अक्षरांवर पुढची सगळी ट्रीटमेंट ठरते. आणि हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या, उशीर झालेला नाही.

शमा_टोरांटो

निशिगंधा, तुझं वाचून राहवलं नाही. माझी ३६ व्या वर्षी गेली. इथे पहिल्याच फेरीत एक रक्ततपासणी सांगितली, एफएमआर१ जनुकाची. ते जनुक अर्धवट बदललेलं असलं तर बाईला स्वतःला काही होत नाही, पण अशा पाचातल्या एकीची अंडाशयं लवकर थकतात. आणि तेच जनुक पुढच्या पिढीत पूर्ण बिघडलं तर मुलाला फ्रॅजाइल एक्स होतो, म्हणजे बौद्धिक वाढ मागे राहते.

माझी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी कुटुंबाचं झाड काढायला बसवलं. तेव्हा एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. सांगलीतला माझा मावसभाऊ 'जरा हळू' म्हणून पाचवीतून शाळेतून काढलेला. आणि आईच्या वडिलांचे हात साठीनंतर इतके कापायचे, की त्यांना चहा बशीत न देता फुलपात्रात अर्धाच भरून द्यायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. पुरुषांत हेच जनुक उतारवयात असा कंप आणि चालताना तोल जाणं घडवू शकतं. तीन पिढ्यांत तीन वेगळे आजार, आणि मूळ एकच.

महत्त्वाचं म्हणजे हे वडिलांकडूनही येतं. बापाकडे असेल तर प्रत्येक मुलीकडे जातंच. म्हणून आईचं कळत नसेल तर आत्यांनाही विचार.

निशिगंधा

आत्यांचं मनातच आलं नव्हतं! आपल्याकडे पाळीचं सगळं आईच्या बाजूनं बघायची सवय.

थायरॉइड आहे, पहिल्या बाळंतपणापासून गोळी चालू. अँटिबॉडीज उद्या देते. एक प्रश्न: डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्यात. सासूबाई म्हणाल्या, त्यानं कॅन्सर होतो, मोडेल तसं मोडू दे पण घेऊ नकोस. नवराही जरा साशंक आहे.

पांढरा_कोट

ही भीती २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून जगभर पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बायकांना हार्मोन सुरू केले होते. तुम्ही ३८ च्या आहात. तुमच्या शरीरात या वयात जे असायलाच हवं होतं ते परत भरणं आणि त्रेसष्टाव्या वर्षी वरून घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वसाधारण पन्नाशीपर्यंत घ्यायचे असतात. गर्भाशय असलेल्यांना इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच. वेणीसारख्या स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्यांचा हिशेब मात्र वेगळा, त्यांनी त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांनाच विचारायचं.

सासूबाईंना घेऊन या असं तुमच्या डॉक्टरांना सांगायला लावा. मी माझ्याकडे तेच करते. सुनेला समजावून उपयोग नसतो, घरी परत तोच विषय निघतो.

हो, आणि पाच-दहा टक्के जणींना या स्थितीतही अचानक दिवस राहतात. अंडाशय मधूनच जागी होतात. नको असेल तर गर्भनिरोधक वापरा, हार्मोनच्या या गोळ्या ते काम करत नाहीत.

खवचट

एवढा कामाचा धागा इथे किती दिवसांनी आला. मी बायकोला वाचायला दिलाय. ती म्हणाली, "तू मधे काही लिहू नकोस म्हणजे झालं." त्यामुळे थांबतो.

एक_कोयता

कार्ड सापडलं नाही. दवाखाना बंद झालाय, त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. सरकारी दवाखान्यात नेऊन सोनोग्राफी केली, डावं अंडाशय दिसतंय असं म्हणाले, उजवं दिसत नाही. एवढं तरी कळलं. डेक्साला लातूरला नेणार आहे.

आईला सांगितलं की आत एक शिल्लक आहे. ती म्हणाली, "मग ते तरी नीट ठेव म्हणावं."

निशिगंधा

दोन आठवड्यांनी लिहितेय. शनिवारी गावी गेले होते. आईच्या कपाटात रेशनकार्ड, बाबांचं पीएफचं पुस्तक आणि माझा दहावीचा निकाल ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत त्यातच तिचं डिस्चार्ज कार्ड निघालं. घडीवर फाटलेलं. निळ्या शाईत 'वय ३५'. खाली 'टीएएच + बीएसओ'. कारणाच्या रकान्यात जास्त रक्तस्राव. मागे टाचणीनं लावलेला पॅथॉलॉजीचा कागद होता, त्यात दोन्ही अंडाशयांत दोष आढळला नाही असं लिहिलेलं.

आई शेजारी मेथी निवडत बसली होती. "काय लिहिलंय गं?" म्हणाली. मी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हापासूनच्या वाफा त्याच्या होत्या होय? मला वाटायचं मलाच चूल सोसत नाही."

म्हणजे आईची पाळी मुळात कितव्या वर्षी गेली असती, हे आता कुणालाच कधीच कळणार नाही. ती वाट तिथे संपली.

म्हणून शमा म्हणाली तसं आत्याला फोन लावला. वय ६६, इचलकरंजीला असते. आधी लाजली. मग म्हणाली, "माझी छत्तिसाव्यातच गेली की. तुझ्या आजीनं बाहेर सांगू नको म्हटलं होतं. थोरल्या आक्काची पण चाळिशीच्या आत. आम्हाला कुणी विचारलंच नाही गं इतक्या वर्षांत." आणि जाता जाता, "दादाचे हात कसे आहेत आता? सही करता येते का?"

बाबांचे हात तीन वर्षांपासून कापतात. आम्ही बीपीची गोळी समजत होतो.

एफएमआर१ चं रक्त काल दिलंय. रिपोर्टला तीन आठवडे.

शमा_टोरांटो

निशिगंधा, काहीही आलं तरी लिही. मी जागी असते तुमच्या रात्री.

पांढरा_कोट

बाबांना मेंदूविकार तज्ज्ञांकडे न्या, रिपोर्टची वाट बघत थांबू नका. कंपाची कारणं बरीच असतात.

आणि आत्यांना मुली आहेत का? त्या आता किती वर्षांच्या आहेत?